दुपारी दोनचा प्रश्न

दुपारी दोन वाजले की अजून माझी झोप चाळवते. बदली होऊन चार वर्षं झाली, आता माझ्या दारावर कोणी थाप मारत नाही, तरी डोळा उघडतोच. पडल्या पडल्या मी थोडी वाट बघते. मग आठवतं की आपण आता श्रीवर्धनला आहोत, आणि मी कूस बदलते.

ती थाप माझ्या तेव्हाच्या घरमालकांची असे. तीन थापा, प्रत्येकीत मोजून सारखं अंतर, आणि मग दाराबाहेरूनच खणखणीत आवाजात, "सिस्टर, एक प्रश्न आहे." सकाळी सातपासून उन्हातान्हात घरोघर फिरून, पोरांना डोस पाजून, बायकांचं बीपी मोजून मी जरा पाठ टेकलेली असायची. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हणे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण उठून दार उघडायचीच. न उघडून उपयोग नव्हता, पाच मिनिटांनी पुन्हा तीन थापा पडत.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या डोंगराखाली त्यांचं गाव. सगळी वस्ती कॅथलिक. घरात जुनी, मोडतोड झालेली पोर्तुगीज बोलायची, शेतात आणि बाजारात मराठी. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासनाही, मराठीतच. मी तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून गेले तेव्हा यांच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. खोल्या बघायला गेले तर मला वाटलं, विचारतील मासे खाता का, पाणी किती लागतं, कोण कोण येणार राहायला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "येशू देव आहे की नाही? तुमचं काय मत?"

मी श्रीवर्धनकडची कोळ्याची मुलगी. आमच्या घरात एकवीरा आणि खंडोबा. मी म्हटलं, काका, मला त्यातलं काय कळतं? त्यांना फार आनंद झाला. म्हणाले, "उत्तम. म्हणजे तुमचं मत अजून बिघडलेलं नाही." आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

गावात त्यांना सगळे कंट्रोलर म्हणत. एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी नोकरी काढली होती. माईकवर गाड्या पुकारायच्या, आल्यागेल्याची वेळ लिहायची, भांडणाऱ्या प्रवाशांना गप्प करायचं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण पुकारणं काही सुटलं नाही. आंटींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ते चहासुद्धा अशा थाटात मागत की शेजारी बाहेर येऊन बघत. दुपारी ते कधी झोपत नसत. डेपोतून दोनला मुंबईची गाडी सुटायची, तिच्यापायी तीस वर्षं दुपारची झोप घेतली नाही, आता काय घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी घेतली नाही म्हणून मीही घेऊ नये, हा हिशोब मात्र मला कधी समजला नाही.

नियंत्रकाच्या मनाला एक सवय लागलेली असते. गाडी फलाटाला लागलेली तरी असते, नाहीतर नसते. दोन्ही खरं असू शकत नाही. बायबलकडेही ते याच नजरेने बघत. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एका जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर मोठा तक्ता काढून टांगलेला होता. डावीकडे वर लिहिलेलं 'देव', उजवीकडे 'माणूस'. शुभवर्तमानातलं एकेक वाक्य पेन्सिलीने त्या त्या रकान्यात. आरंभी शब्द होता आणि तो शब्द देव होता, हे डावीकडे. मी आणि पिता एक आहोत, डावीकडे. पिता माझ्याहून थोर आहे, उजवीकडे. शेवटचा दिवस कधी ते पुत्रालाही ठाऊक नाही, उजवीकडे, आणि त्याखाली दोनदा रेघ. एका श्रीमंत तरुणाने येशूला उत्तम गुरू म्हटलं तर येशू म्हणाला, मला उत्तम का म्हणतोस, उत्तम एकटा देवच. हे उजवीकडे होतं, मग खोडून डावीकडे गेलं, मग पुन्हा उजवीकडे आलं. तिथला कागद विरून भोक पडायला आलं होतं.

मला विचारायचे प्रश्न माझ्या धंद्यातले असत. एकदा म्हणाले, पांगळा माणूस खाटेवरून आणला, येशूने आधी त्याला पापांची क्षमा केली आणि मग चालायला लावलं. तुम्ही पेशंटला आधी काय देता? मी म्हटलं, आधी केसपेपर काढतो. ते हसले नाहीत. म्हणाले, "तिथे बसलेले शास्त्री चिडले, कारण क्षमा फक्त देव करू शकतो. त्यांना कायदा माहीत होता. म्हणजे एकतर हा माणूस मर्यादा ओलांडत होता, नाहीतर हे त्याच्याच अधिकारातलं होतं." एवढं बोलून ते डावीकडच्या रकान्यात लिहायला निघून गेले आणि माझी झोप मोडली ती मोडलीच.

दर रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहून आपला विश्वास मोठ्याने म्हणतात. त्यात येशू हा खरा देव असल्याचं कबूल करणारी एक ओळ येते. ती आली की कंट्रोलर खिशातून मोठा पांढरा रुमाल काढत आणि नाक शिंकरत. ते नाक शिंकरणं असं, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कळे. ओळ संपली की रुमाल घडी घालून खिशात, आणि पुढच्या ओळीपासून आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर. पोरं त्या क्षणाची वाट बघत. आंटी म्हणायच्या, "अकरा वर्षं झाली, सिस्टर. सर्दी नाही, काही नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून नाक." मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत? त्या म्हणाल्या, चर्च बुडवून पत्ते खेळणारे नवरे पण आहेत गावात.

आता कोणी म्हणेल, हा माणूस नास्तिक असेल, किंवा धर्म सोडायच्या बेतात असेल. मलाही तसं वाटलं होतं. मी घरी जायची तेव्हा ते मला आगरदांड्यापर्यंत सोडायला येत. तिथून फेरीबोटीने पलीकडे दिघी, आणि मग आमचं गाव. ते स्वतः बोटीत कधी चढत नसत. समुद्राकाठी जन्मले, पण होडीत पाय ठेवलेला नव्हता. पाण्यावर वेळापत्रक चालत नाही म्हणत. जेट्टीजवळ त्यांचे डेपोपासूनचे एक मित्र चहा विकायचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. एकदा बोटीला वेळ होता म्हणून आम्ही चहाला बसलो. चाचा सहज म्हणाले, आमच्यात पण ईसांना मोठा मान आहे, पैगंबर आहेत, पण अल्लाला मुलगा नसतो. कंट्रोलर ताठ झाले. पुढचा अर्धा तास त्यांनी चाचांना जे ऐकवलं ते सगळं डाव्या रकान्यातलं होतं. आब्राहामाच्या आधी मी आहे असं कुठला पैगंबर म्हणाला, थोमाने गुडघे टेकून माझा देव म्हटलं तेव्हा येशूने त्याला का अडवलं नाही, एकेक वाक्य असं पुकारलं की रांगेतले प्रवासी वळून बघायला लागले. चाचा मिशीत हसत दुसरा चहा ओतत राहिले. माझी बोट चुकली.

पुढच्या बोटीची वाट बघताना मी विचारलं, काका, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे? त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "घरातलं माणूस घरात काहीही बोलतं, सिस्टर. बाहेरच्याने बोललं की लागतं."

त्यांचं सगळं घोडं एका जागी अडलं होतं. शिष्यांबरोबर येशू होडीतून सरोवर ओलांडत होता. वादळ आलं, होडीत पाणी भरायला लागलं आणि हा झोपलेला. आणि जुन्या स्तोत्रात तर स्पष्ट लिहिलंय की राखण करणारा देव झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही. मग? तक्त्यावर हे वाक्य उजवीकडे सगळ्यात वर, लाल पेन्सिलीने होतं. दुसरी सगळी वाक्यं इकडची तिकडे होत, हे कधी हललं नाही.

गावातले फादर तरुण होते आणि कंट्रोलरांवर त्यांचा जीव होता. ते संध्याकाळी येऊन बसत आणि समजावत की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच वेळी. झोपलं ते शरीर, माणसाचं. देवपण झोपलं नव्हतं. कंट्रोलर नीट ऐकून घेत. मग म्हणत, "म्हणजे ड्रायव्हर झोपला, पण गाडी जागी होती." फादर हसत आणि म्हणत, साधारण तसंच. कंट्रोलर म्हणत, "मला पटलं नाही. पण तुम्ही सांगितलंत म्हणून लिहून ठेवतो." आणि खरंच लिहून ठेवत, दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली.

एकुलती एक मुलगी, वसईला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. या वेळी मी तिला रोज तपासायची. सगळं ठीक होतं, आणि नववा लागल्यावर एके सकाळी बीपी बघितलं तर भलतंच चढलेलं. पायावर सूज, डोळ्यांपुढे काजवे. गाडी बोलावून आम्ही तिला अलिबागला नेलं. मी मागे तिच्याजवळ, आंटी पायाशी आणि कंट्रोलर ड्रायव्हरशेजारी. इतर वेळी प्रत्येक थांब्याचं नाव सांगणारा माणूस, त्या दिवशी खाडीवरच्या पुलापासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत त्यांच्या घरच्या भाषेत सारखं काहीतरी एकच पुटपुटत होता. मला त्यांची भाषा येत नव्हती. दुपारी ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा ते म्हणाले, किती वाजता? मी म्हटलं, दोन वाजून दहा मिनिटांनी. त्यांनी घड्याळात बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

त्यांच्यात पहिल्या नातवंडाचा बाप्तिस्मा म्हणजे मोठं काम. बाळाचे धर्मपिता म्हणून घरातलं वडीलधारं माणूस उभं राहतं. मुलीने ठरवूनच ठेवलं होतं की आपले पप्पा. पाण्याच्या कुंडाजवळ उभं राहून धर्मपित्याला बाळाच्या वतीने उत्तरं द्यावी लागतात. देवपित्यावर विश्वास आहे का, येशूवर आहे का, पवित्र आत्म्यावर आहे का. सगळ्यांसमोर आणि मोठ्याने.

मी त्या दिवशी स्वयंपाकघरात बाळाचं वजन करत होते, म्हणून माझ्या कानांवर आलं. मुलगी पेज खात बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "पप्पा, तिथे रुमाल काढायचा नाही. जमणार नसेल तर आत्ता सांगा, मी दिरांना उभं करते. त्यांना काही अडचण नाही." कंट्रोलरांचा हात खिशातल्या रुमालावर गेला. मग तिने मान वर केली. "पण मग मला ते जन्मभर लागेल, एवढं सांगून ठेवते." तिचे डोळे भरले होते. मी बाळाला वजनकाट्यावरून उचलून दुपट्यात गुंडाळलं आणि मुद्दाम सावकाश गुंडाळलं.

फादरनी त्यांना बाजूला घेऊन एक सोपी वाट दाखवली. म्हणाले, बाप्तिस्म्याच्या प्रश्नात देव हा शब्द येशूला लावलेलाच नाही. देवाचा एकुलता पुत्र आणि आपला प्रभू एवढंच आहे. तेवढं तर तुम्ही मानता. कंट्रोलरांना ते आधीपासून माहीत होतं, त्यांना न तपासलेलं काही सापडणं कठीण. ते म्हणाले, "फादर, त्या शब्दांतून गाडी निघते, मला माहीत आहे. पण माझी नात मोठी झाल्यावर विचारेल, आजोबा, तुम्ही काय मानून हो म्हणालात. तेव्हा मी तिला काय सांगू, की शब्दांत जागा होती म्हणून काढली?"

बाप्तिस्म्याला तीन आठवडे होते. त्या दिवसापासून माझ्या दारावरची थाप बंद झाली. दोन वाजायचे, सव्वादोन व्हायचे, काही नाही. इतके महिने ज्या झोपेसाठी मी तळमळत होते ती आता समोर होती आणि मला येत नव्हती. खिडकीतून दिसायचं, ते तक्त्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. पेन्सिल हातात, पण लिहीत काही नव्हते. जेवणही तुटलं होतं. आंटी पहिल्यांदाच माझ्याकडे येऊन रडल्या. म्हणाल्या, "खोटं बोलले तर मरतील, सिस्टर, आणि खरं बोलले तर पोरगी तुटेल."

त्याच सुमाराला माझे वडील आले. सुके बोंबील, सोडे, जवळा असं काय काय बांधून दर दोन-तीन महिन्यांनी ते येत. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडी त्यांच्या हुकमाने चालायची. आता भाऊ नेतो होडी, पण बाबांच्या अंगातला तांडेल उतरलेला नाही. दुपारी जेवले आणि पडवीतल्या दगडी बाकावर आडवे झाले. कोळी माणसाला झोपायला गादी लागत नाही. मी आत भांडी घासत होते आणि घड्याळाकडे बघायचं त्या दिवशी विसरले होते.

तीन थापा पडल्या. दारावर नाही, बाकावर, बाबांच्या डोक्याशी. "तांडेल, एक प्रश्न आहे."

मी हात पुसत बाहेर धावले. बाबांना झोपेतून उठवलेलं मुळीच चालत नाही. पण कंट्रोलरांचा चेहरा बघून ते काही बोलले नाहीत, उठून बसले आणि बाजूला सरकून त्यांना जागा दिली. कंट्रोलरांनी विचारलं, वादळ आलंय, होडीत पाणी येतंय, अशा वेळी होडीत कोणी झोपू शकेल का?

बाबा म्हणाले, "झोपल की. कुठं झोपला व्हता पन?"

"होडीतच."

"आवं होरीतच, पन होरीत कुठल्या जागी?"

हा प्रश्न कंट्रोलरांना कधी पडला नव्हता, हे त्यांच्या तोंडावरून कळलं. ते घरात जाऊन पुस्तक घेऊन आले. पान शोधायची गरज नव्हती, ते पान आपोआप उघडत असे. मागच्या बाजूला, उशीवर, असं लिहिलेलं होतं.

बाबांनी विचारलं, मागे म्हणजे सुकाणाजवळ का? मग विचारलं, बाकीची माणसं कोण, प्रवासी? कंट्रोलर म्हणाले, नाही, त्यातले बरेच कोळी, जन्मापासून त्याच पाण्यातले. आणि होडी कोणाची? त्यांचीच असणार. आणि हा झोपलेला, हा पण कोळी? कंट्रोलर म्हणाले, नाही, हा सुतार.

बाबांनी तंबाखूची डबी उघडली आणि तशीच बंद केली. मग म्हणाले, "ह्ये मंग साधं न्हाय."

त्यांनी जे सांगितलं ते मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते कोणाला सांगण्यासारखं असतं हे माहीत नव्हतं. होडीत मागची जागा तांडेलाची. पाहुणा आला, व्यापारी आला, सरकारी साहेब आला, तरी त्याला मध्ये बसवतात. माझा सख्खा भाऊ एकदा वारा वाढल्यावर मागे कलंडला होता तेव्हा बाबांनी त्याला लाथ घालून उठवलं होतं. सुकाणाजवळ आडवं पडायची मुभा एकालाच असते. बाबांचं म्हणणं एवढंच होतं, की जातिवंत कोळ्यांनी आपल्या होडीत, बिघडत्या हवेत, एका सुताराला त्या जागी झोपू दिलं. वर उशीपण दिली.

"आनि वादळ आल्यावर त्यांनी काय क्येलं?" बाबांनी विचारलं.

"त्याला उठवलं. म्हणाले, आपण बुडतोय, तुला काहीच कसं वाटत नाही."

"मंग झालं की. वादळात परवाशाला कोन उठवतो? परवासी झोपलेला बरा, निदान ओकत तरी न्हाय. आनि सुताराला उठवून काय फल्या ठोकायच्या व्हत्या? वादळात तांडेलालाच उठवतात." बाबा थोडे थांबले. "तोंडानं नसतील बोलले ते, ह्यो कोन हाय म्हनून. पन हातपाय आदी वलखतात, दादा. तोंड मागनं येतं."

मी चहा आणला, तो कंट्रोलरांनी घेतला नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली की आता हे बाबांशी वाद घालतील, तक्ता आणतील, आणि बाबांना वाद जमत नाही. पण ते उठले, पुस्तक काखेत धरलं आणि आत गेले. बाबा मला म्हणाले, "काय चुकलं काय माजं?" मी म्हटलं, माहीत नाही.

दिवेलागणीला ते माझ्या दारात आले. थाप नाही, घोषणा नाही, नुसते उभे. माझ्याकडे न बघता बोलायला लागले. म्हणाले, इतकी वर्षं मी एकच धरून बसलो, तो झोपलाच कसा. ते त्यालाच उठवायला का गेले, हे मी कधी विचारलंच नाही. मग म्हणाले, "सिस्टर, अलिबागला जाताना गाडीत मी काय म्हणत होतो, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, तुमची भाषा मला कुठे येते?

"ऊठ, म्हणत होतो. पुलापासून हॉस्पिटलपर्यंत. ऊठ, ऊठ. आणि पित्याला नाही म्हणत होतो. याला, येशूला म्हणत होतो, नाव घेऊन." आता ते माझ्याकडे बघत होते. "माणूसच असता तर दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला मी गाडीत बसून उठवत होतो का? माझ्या हातापायांना कळलं होतं. तुमचे बाबा म्हणाले तसं."

मी आंटींना हाक मारली. त्या दारामागेच उभ्या होत्या.

बाप्तिस्म्याच्या रविवारी वसईहून एक पूर्ण बस भरून माणसं आली. बाबांना कंट्रोलरांनी हट्टाने थांबवून घेतलं होतं आणि दुसऱ्या बाकावर, घरच्यांच्या मागे बसवलं होतं. बाबा पांढऱ्या टोपीत आणि नव्या सदऱ्यात अवघडून बसले होते. कुंडाजवळ मुलगी, जावई, आणि बाळाला घेतलेले कंट्रोलर. त्यांच्या खिशातून रुमालाचं टोक दिसत होतं. मुलगी त्या टोकाकडेच बघत होती. सगळं गाव त्या टोकाकडे बघत होतं.

पहिला प्रश्न झाला, पित्याबद्दलचा. उत्तर नीट आलं. फादरनी दुसरा प्रश्न सुरू केला, येशू ख्रिस्त, त्याचा एकुलता... आणि कंट्रोलर मध्येच म्हणाले, "मानतो."

डेपोतला आवाज होता तो. चर्चच्या छपराखालची कबुतरं उडाली. बाळ दचकून रडायला लागलं. फादर हसू दाबत म्हणाले, प्रश्न अजून पुरा झाला नाही. कंट्रोलर म्हणाले, विचारा. फादरनी सगळा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारला. पुरा झाल्यावर कंट्रोलरांनी एक श्वास घेतला, बाळाला नीट धरलं आणि मुलीकडे बघून म्हणाले, "मानतो. प्रभू म्हणून मानतो आणि देव म्हणूनही मानतो. तुम्ही तेवढं विचारलं नाही, तरी सांगतो." मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मागे कोणीतरी टाळी वाजवली आणि त्याला कोणीतरी गप्प केलं. मला इतकं हलकं वाटलं, की मीही काहीतरी पुकारावंसं वाटत होतं. बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जमलं वाटतं." मी म्हटलं, हो.

मग मांडवात जेवण झालं. विंदालू, पुलाव आणि आमच्या घरचे सोडे. बाबांनी माशांवर भर दिला. कंट्रोलर पानापानापाशी जाऊन आग्रह करत होते आणि बाळाच्या जन्माची वेळ मिनिटांसकट सांगत होते. मी माझ्या खोलीत येऊन पडले. दोन वाजले आणि डोळा उघडला. थाप नव्हती. आता मला बरं वाटत होतं, म्हणून पुन्हा डोळा लागत होता, तेवढ्यात मुलगी बाहेरून घाबऱ्या आवाजात ओरडली, सिस्टर, लवकर या.

मी धावले. पडवीतल्या दगडी बाकावर, जिथे बाबा झोपले होते तिथेच, कंट्रोलर आडवे पडले होते. पायांत बूट तसेच, तोंडावर तो पांढरा रुमाल, घडीच्या रेघा न मोडलेला. मुलगी केकची बशी घेऊन उभी होती. म्हणाली, "पप्पा दुपारी कधीच झोपत नाहीत. हाक मारली तरी उठत नाहीत." आंटी मांडवातून पळत आल्या.

मी खाली बसून मनगट धरलं. क्षणभर मलाच माझ्या बोटांचा भरवसा वाटेना. मग नाडी लागली. संथ, भरीव, प्रत्येक ठोक्यात मोजून सारखं अंतर. रुमाल श्वासाने जरा वर उचलला जात होता आणि खाली बसत होता. मी पूर्ण एक मिनिट मोजलं, गरज नव्हती तरी.

"काही नाही," मी म्हटलं. "झोपलेत."

मुलगी बाकाजवळ जमिनीवरच बसली आणि हसता हसता रडायला लागली. आंटींनी वाकून त्यांच्या पायांतले बूट काढले. मांडवात कोणीतरी स्पीकर लावला होता, तो बाबांनी जाऊन बंद करायला लावला. मुलीने केकची बशी बाकाखाली ठेवली आणि मुंग्या लागू नयेत म्हणून वर एक वाटी पालथी घातली. मग मीही आत जाऊन झोपले. आंटींनी चहाला उठवलं तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि ते अजून उठले नव्हते.